तिच्या अंगठ्याला ‘स्वेच्छा’ म्हणू नका

प्रति,
पासपोर्ट व व्हिसा विभाग, परराष्ट्र मंत्रालय
आणि
परदेशी नागरिक विभाग, गृह मंत्रालय
नवी दिल्ली

विषय : परदेशात जन्मलेल्या आणि जन्मानेच दोन देशांची नागरिक ठरलेल्या मुलांचे पासपोर्ट व व्हिसा

महोदय, महोदया,

हे पत्र मी दोन मंत्रालयांना मिळून लिहिते आहे. पासपोर्ट एका मंत्रालयाचा. नागरिकत्व, व्हिसा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना भारतात ये-जा करण्यासाठी मिळणारं कार्ड, यांचे नियम दुसऱ्याचे. आणि आम्हा परदेशात राहणाऱ्यांसमोर जी खिडकी असते, ती बहुतेक वेळा कंत्राटावर काम करणाऱ्या कंपनीची. खिडकीपलीकडचा माणूस वकिलातीकडे बोट दाखवतो, वकिलात दिल्लीकडे. म्हणून थेट दिल्लीलाच लिहिते. ज्या वकिलातीत आणि ज्या केंद्रावर हे घडलं त्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हे पत्र नाही. ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलणार आहे, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये एवढ्यासाठी आहे.

मी साताऱ्याची. लग्नानंतर 2018 पासून आम्ही दोघं दक्षिण जर्मनीत राहतो. दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत आणि दोघांपैकी कुणीही जर्मन नागरिकत्वासाठी कधी अर्ज केलेला नाही. आमची मुलगी सप्टेंबर 2024 मध्ये इथे जन्मली.

ती जन्मायच्या तीनच महिने आधी, 27 जून 2024 ला, जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा बदलला होता. आई-वडिलांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीरपणे इथे राहत असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन नागरिक होतं. आधी ही अट आठ वर्षांची होती. त्यासाठी आई-वडिलांना अर्ज करावा लागत नाही, त्यांना कुणी विचारतही नाही. आमच्या बाबतीत हे लगेच कळलं नाही. जर्मनीत भारतीय कागदपत्रांवर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, चालत नाही, त्यांची वेगळी पडताळणी करून घ्यावी लागते. आमचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले त्या पडताळणीत अडकले होते. जन्मनोंदणी कार्यालयाने तोवर एक शेरा मारलेला उतारा हातात दिला आणि नागरिकत्वाचं नंतर कळवू म्हणून सांगितलं.

इकडे भारताचा कायदा सांगतो की परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करा. आम्ही ती डिसेंबरात केली. मुलीकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिचा भारतीय पासपोर्ट आला. निळी पुस्तिका, आत पाच महिन्यांच्या बाळाचा डोळे वटारलेला फोटो. माझ्या आईला मी तो व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, “आता आणा माहेरी.”

मार्चमध्ये आम्ही इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुलीसाठी राहण्याचा परवाना मागितला. तो मिळणार नाही, असं पत्र आलं. कारण साधं होतं : तुमची मुलगी जर्मन आहे, आणि जर्मन नागरिकाला जर्मनीत राहण्याचा परवाना देता येत नाही.

मुलगी भारतीय पासपोर्टवर भारतात जाऊ शकत होती. परत येताना मात्र विमान कंपनी तिला चढू देणार नव्हती, कारण त्या पासपोर्टवर जर्मनीचा ना व्हिसा ना परवाना, आणि ते दोन्ही तिला मिळणं शक्य नव्हतं. जर्मन पासपोर्ट काढावा तर भारतीय वकिलातींच्या संकेतस्थळांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणं किंवा त्यावर प्रवास करणं हा 1967 च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. मी ते वाक्य रात्री बाळाला पाजताना मोबाइलवर वाचलं. सहा महिन्यांच्या मुलीच्या संदर्भात ‘गुन्हा’ हा शब्द वाचल्यावर आईचं काय होतं, ते हे वाक्य लिहिणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. मोठ्या माणसासाठी लिहिलेलं ते वाक्य आहे, हे मला आज कळतं. तेव्हा तिथे तसं लिहिलेलं नव्हतं.

आम्ही विचारलं. तीन ई-मेल पाठवले, दोन वेळा फोनवर तासभर थांबलो. पहिलं उत्तर आलं, मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, आहे तोवर दोन्ही नागरिकत्वं राहू शकतात, काळजी नको. दुसरं उत्तर, जर्मन पासपोर्ट हातात येताच भारतीय पासपोर्ट जमा करा. फोनवर तिसऱ्या व्यक्तीने सांगितलं की मुलगी जन्मानेच जर्मन असेल तर तिला भारतीय पासपोर्ट द्यायलाच नको होता, तो चुकून दिला गेला असावा. तिघांपैकी एकानेही नियमाचा क्रमांक लिहिला नाही. कुणाचं खरं मानायचं ते कळेना, आणि चुकीचं पाऊल उचललं तर मुलीच्या नावावर आयुष्यभराचा डाग लागेल या भीतीने आम्ही काहीच केलं नाही. थांबलो. ही आमची चूक म्हणायची तर म्हणा, पण ती भीतीतून झाली आणि भीती त्या तीन उत्तरांतून आली.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 जुलै 2025 ला, सकाळी उपास सोडायच्या तयारीत असताना माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला.

त्यानंतरच्या तारखा मी लिहिते, कारण तक्रार तारखांशिवाय केली तर ती रडगाणं ठरते. 8 जुलैला आम्ही दोघांनी नगरपालिकेत जाऊन सह्या केल्या आणि जर्मन पासपोर्टसाठी तातडीचा अर्ज दिला. लहान मुलाच्या पासपोर्टची फी साडेसदतीस युरो, तातडीचे वर बत्तीस. 14 जुलैला पासपोर्ट हातात होता. 15 जुलैला मी ई-व्हिसाबद्दल केंद्रावर विचारलं. उत्तर : मुलीला भारतीय पासपोर्ट दिलेला आहे, म्हणजे ती भारतीय, भारतीयाला भारताचा व्हिसा कसा देणार? मग भारतीय पासपोर्टवर नेते, म्हटलं. उत्तर : तिच्याकडे आता जर्मन पासपोर्ट आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येणार नाही. आधी भारतीय पासपोर्ट जमा करा, त्याचं प्रमाणपत्र घ्या, मग व्हिसा. पासपोर्ट जमा करण्यासाठी पहिली मोकळी वेळ 24 जुलैची होती.

ओळखीच्या एका एजंटने सुचवलं की भारतीय पासपोर्टवर घेऊन जा आणि येताना जर्मन दाखवा. जर्मन पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का नाही, व्हिसा नाही, मग निघताना इमिग्रेशनवर काय होणार? परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन बाहेर पडायची परवानगी काढावी लागणार. आजारी आईच्या उशाशी बसायचं की मुलीसाठी त्या कार्यालयाच्या बाकावर? शिवाय आम्हाला खोटं वागायचं नव्हतं.

मला अनेकांनी विचारलं, तू एकटी का गेली नाहीस? बाळ दहा महिन्यांचं, अंगावर पिणारं, बाटली तोंडात धरत नव्हतं. तरीही एखादी गेली असती. मी गेले नाही, रोज वाटायचं की उद्या होईल. त्या निर्णयाचं ओझं माझं आहे, ते मी कुणाच्या माथी मारत नाही. पण ‘उद्या होईल’ असं मला रोज वाटावं, अशी उत्तरं रोज मिळत होती.

23 जुलैच्या रात्री आम्ही मुलीच्या अंगठ्याचा ठसा घेतला. लहान मुलाला सही येत नाही, म्हणून अर्जावर एका छोट्या चौकटीत अंगठा उमटवायचा असतो, आणि तो चौकटीच्या रेघेला शिवता कामा नये. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाईची डबी उघडली. तिची मूठ उघडेना. एक बोट सोडवावं तर दुसरं मिटायचं. पहिला ठसा पुसट आला, दुसरा रेघेवर गेला, तिसऱ्या वेळी तिने हात झटकला आणि अर्जभर निळे डाग पडले. शेवटी ती झोपल्यावर नवऱ्याने दिवा धरला आणि मी तिचा अंगठा हलकेच टेकवला. नंतर खोबरेल तेलाने शाई पुसत बसले. निघता निघेना. नखाच्या कडेला पुढे दोन दिवस निळी रेघ होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरून अर्ज परत आला. ठसा एका बाजूला रेघेला टेकतो आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे लग्नाच्या दाखल्याची प्रत हवी, जी संकेतस्थळावरच्या यादीत नव्हती. प्रत माझ्या मोबाइलमध्ये होती, ती चालली असती. पण दाखल्यावर इंग्रजीत माझ्या नावाच्या शेवटी दोन ‘ई’ आहेत आणि पासपोर्टवर एक ‘आय’, म्हणून त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र हवं. पुढची वेळ 31 जुलै.

आई 25 जुलैला गेली. तो श्रावणातला पहिला दिवस होता आणि शुक्रवार, जिवतीच्या पूजेचा. आमच्याकडे त्या दिवशी आई मुलांना ओवाळते, आणि जी मुलं दूरगावी असतात त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते. आई दरवर्षी पश्चिमेकडे जास्त टाकायची, जर्मनी तिकडे म्हणून.

5 ऑगस्टला प्रमाणपत्र आणि व्हिसा दोन्ही मिळाले. 8 ऑगस्टला मी मुलीला घेऊन साताऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडला. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. आईने नातीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली होती. ती अर्धी शिवलेली होती आणि सुई तशीच कापडात टोचलेली होती.

आता जे तुम्हाला सांगायचं आहे ते सांगते.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण परत आल्यावर 1955 चा नागरिकत्व कायदा बसून वाचला. त्यातल्या चौथ्या कलमात 2003 च्या दुरुस्तीने पोटकलम 1-अ घातलं गेलं आणि ते डिसेंबर 2004 पासून लागू आहे. त्याचा अर्थ असा : जे मूल या कलमाखाली भारताचं नागरिक आहे आणि दुसऱ्याही देशाचं नागरिक आहे, त्याने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे संसदेने हे गृहीत धरलं आहे की परदेशात जन्मलेलं भारतीय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत दोन देशांचं असू शकतं. माझी मुलगी सप्टेंबर 2042 मध्ये अठरा वर्षांची होईल. कायद्याने तिला मार्च 2043 पर्यंतचा वेळ दिला आहे. तो दहाव्या महिन्यातच कुणी आणि कोणत्या नियमाने काढून घेतला?

त्याचं उत्तर बहुधा नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. तिथे म्हटलं आहे की भारतीय नागरिकाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल, तर त्याने त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा नियम मला पटतो. जाणत्या माणसाने शपथ घेतली, अर्ज केला, पासपोर्ट काढला, तर ती त्याची इच्छाच. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदातही शब्द ‘स्वेच्छेने’ असाच आहे. पण माझ्या मुलीला जर्मन नागरिकत्व तिच्या पहिल्या श्वासाबरोबर मिळालं. पासपोर्ट नंतर आला, तो फक्त तिला इथल्या घरी परत येता यावं म्हणून. झोपेत टेकवलेल्या ज्या अंगठ्याने तिने भारतीय पासपोर्ट परत केला, त्या अंगठ्याची स्वेच्छा कोणती?

कदाचित तुमच्याकडे याचं उत्तर असेल. कदाचित पोटकलम 1-अ चा अर्थ असा असेल की नागरिकत्व दोन चालतात पण पासपोर्ट एकच चालतो. तसं असेल तर तसं लिहा. साध्या शब्दांत, एका पानावर, जिथे बाळाच्या जन्माची नोंद होते त्या खिडकीवर लावा. मी नियमाशी भांडायला आलेले नाही. नियम काय आहे हे मला तीन माणसांनी तीन प्रकारे सांगितलं, याच्याशी माझं भांडण आहे.

दुसरी तक्रार क्रमाची आहे. जन्माची नोंद करताना आम्हाला विचारलं गेलं की मुलीकडे दुसरा पासपोर्ट आहे का. पण हे कुणी विचारलं नाही की ज्या देशात ती जन्मली त्याचं नागरिकत्व तिला जन्मानेच मिळतं का. तो एक प्रश्न डिसेंबरात विचारला असता, आणि ‘मिळत असेल तर भारतीय पासपोर्ट काढण्याआधी हे चार परिणाम समजून घ्या’ असं सांगितलं असतं, तर आम्ही सरळ जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाचा रस्ता धरला असता. आई-वडील भारतीय नागरिक असलेल्या अज्ञान मुलाला ओसीआय कार्ड मिळतं, कायद्याच्या कलम 7-अ मध्येच तशी तरतूद आहे. हे आम्हाला सरकारी कागदावरून कळलं नाही, गणेशोत्सवात भेटलेल्या एका ताईंकडून कळलं.

तिसरी गोष्ट नावांची. वाचायला ती किरकोळ वाटेल, पण आमच्या माणसांचे सगळ्यात जास्त अर्ज यातच अडकतात. महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव अशी रीत आहे. आता तर राज्य सरकारनेच 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचंही नाव लावायचं ठरवलं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. माझी मुलगी सप्टेंबर 2024 ची. इथल्या नोंदणी कार्यालयात मी तसं नाव सांगितलं तेव्हा तिथल्या बाईंनी सौम्यपणे विचारलं, मुलीच्या नावात पुरुषाचं नाव कशासाठी? त्यांच्या पद्धतीत पहिलं नाव आणि आडनाव एवढंच बसतं. शेवटी तेवढंच राहिलं. म्हणजे तिच्या जन्मदाखल्यावर एक नाव, तिच्या पत्रिकेवर आणि आमच्या मनात दुसरं, माझ्या पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर दोन ‘ई’ असलेलं. ज्या देशात एकाच तालुक्यात एक नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं, त्या देशाच्या कार्यालयाने एका अक्षरासाठी सात दिवस घालवावेत याचं मला वाईट वाटतं. जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट क्रमांक, सगळं जुळत होतं.

आणि चौथं, त्रुटी एकेक करून सांगण्याची सवय. पहिल्या फेरीत ठसा आणि दाखला, दुसऱ्या फेरीत फोटोची पार्श्वभूमी पांढरी आहे, फिकट रंगाची हवी. तो फोटो पहिल्या फेरीतही तोच होता. पहिल्याच दिवशी सगळं एकदम सांगितलं असतं तर? प्रत्येक फेरी म्हणजे आमच्यासाठी अडीच तासांची रेल्वे, बाळ कडेवर, आणि नवऱ्याची एक रजा.

हे फक्त जर्मनीचं दुखणं नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे. तिची दोन्ही मुलं तिथे जन्मली म्हणून अमेरिकन. अमेरिकेचा कायदा सांगतो की अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत ये-जा अमेरिकन पासपोर्टवरच करायची, त्यामुळे तिथेही हाच पेच. त्यात 20 जानेवारी 2025 ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-वडिलांच्या मुलांचं जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला आणि न्यायालयांनी तो रोखला. त्या काळात बाळंत होणाऱ्या आपल्या मुलींनी रात्री कशा काढल्या असतील, त्याच जाणोत. इंग्लंडमध्ये उलट. तिथे 1983 पासून नुसतं जन्मून ब्रिटिश होता येत नाही, आई-वडिलांपैकी एकजण तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. तिथल्या आपल्या लोकांना भारतीय पासपोर्ट वेळेत मिळणं हीच निकड असते. प्रत्येक देशाचं गणित वेगळं आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच तर प्रत्येक देशातल्या आपल्या वकिलातीला त्या देशापुरतं उत्तर लिहून ठेवता येईल.

गैरसमज नको म्हणून एक स्पष्ट करते. मी दुहेरी नागरिकत्व मागत नाही. भारताने एकच नागरिकत्व ठेवलं, त्यामागे विचार आहे आणि तो बदलायचा की नाही हे संसदेने ठरवावं. फी कमी करा असंही म्हणत नाही. परदेशातून ओसीआयच्या अर्जाला 275 डॉलर लागतात, ते आम्ही भरले. ज्यांनी मदत केली त्यांचेही आभार मानले पाहिजेत. 5 ऑगस्टला वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने जेवणाची सुट्टी न घेता मुलीच्या व्हिसावर सही केली, आणि पुस्तिका हातात देताना ‘उशीर झाला, माफ करा’ म्हणाले. त्यांनी माफी मागायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या हातात असतं तर ते 15 जुलैलाच झालं असतं, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

माझ्या मागण्या अशा :

एक, अज्ञान मुलांच्या बाबतीत कलम 4 चं पोटकलम 1-अ आणि नियमांचं तिसरं परिशिष्ट यांचा मेळ कसा घालायचा, याचं परिपत्रक दोन्ही मंत्रालयांनी मिळून काढावं आणि ते जाहीर करावं. जन्मानेच मिळालेलं परदेशी नागरिकत्व असेल, तर मूल अठरा वर्षं सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या देशाचा पासपोर्ट ‘स्वेच्छेचा पुरावा’ धरू नये, अशी माझी विनंती आहे. ती मान्य करता येत नसेल तर तसंही त्या परिपत्रकात लिहावं.

दोन, वकिलातीत जन्म नोंदवताना, भारतीय पासपोर्ट देण्याआधी, त्या देशात जन्मसिद्ध नागरिकत्व मिळतं का हे विचारावं आणि पुढच्या दोन वाटा व त्यांचे परिणाम सांगणारं एक पान द्यावं. ते पान मराठीसह भारतीय भाषांत असावं. आमच्यासोबत नोंदणीला आलेल्या एका कामगार जोडप्याला इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र माझ्या नवऱ्याने वाचून समजावलं होतं.

तीन, आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असलेल्या मुलाला, घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तेव्हा, रुग्णालयाच्या कागदावर दोन दिवसांत भारतात जाण्या-येण्याची परवानगी मिळावी. मग ती व्हिसा म्हणून असो किंवा पासपोर्टवरच्या शिक्क्याने. पासपोर्ट जमा करणं, प्रमाणपत्र, बाकीची सगळी पूर्तता परत आल्यावर नव्वद दिवसांत करून घ्यावी. आम्ही कुठे पळून जाणार आहोत? आमचा पत्ता, नोकरी, दोन्ही पासपोर्ट तुमच्याकडे नोंदलेले आहेत. ही मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाकीच्या मान्य व्हायला वर्ष लागलं तरी थांबेन, ही एका आदेशाने होण्यासारखी आहे.

चार, अर्जातल्या सगळ्या त्रुटी एकाच वेळी, लेखी आणि नियमाच्या क्रमांकासह कळवाव्यात. यादीत नसलेला कागद मागितला तर तो का मागितला हेही लिहावं. नावाच्या स्पेलिंगमधला एखाद्या अक्षराचा फरक अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावर तिथल्या तिथे मिटवावा.

पाच, संकेतस्थळांवरचं ते ‘गुन्हा’ असलेलं वाक्य. त्याच्याखाली अज्ञान मुलांसाठी काय लागू आहे, ते दोन ओळींत लिहावं. रात्री अकरा वाजता एकटी बसून ते वाचणाऱ्या आयांसाठी एवढं कराच.

मुलीचा रद्द केलेला भारतीय पासपोर्ट आम्हाला परत मिळाला. त्याचा कोपरा कापलेला आहे. ओसीआय कार्डही आता आलं आहे. दोन्ही मी आईच्या अर्ध्या गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. गोधडी पुरी करायला काकूने शिकवलं आहे, रोज चार टाके घालते.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, आणि ते मला एकटीला न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं प्रसिद्ध करावं, ही विनंती.

आपली,
जर्मनीत राहणारी एक भारतीय नागरिक आणि एका मुलीची आई